कायमधारा आणि रयतवारी: इतिहासाच्या पेपरात ‘तुलना करा’ आलं की काय लिहायचं

शाळेत ‘फरक स्पष्ट करा’ आलं की पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं, आणि खाली चार-चार ओळी. दोन गुणांना ते पुरतं. बी.ए.ला बाराशे शब्दांचा निबंध मागितला तरी मुलं मनात तीच रेघ ठेवून लिहितात. विषय इंग्रजी अमलातल्या जमीन महसुलाच्या दोन पद्धतींचा असेल, तर पहिली तीन पानं कायमधारा, पुढची तीन पानं रयतवारी, आणि शेवटी ‘अशा प्रकारे दोन्ही पद्धतींत काही साम्ये व काही भेद आढळतात’. या दोन टिपा झाल्या, एकीखाली एक लिहिलेल्या. तपासणारा बेताचे गुण देतो आणि लिहिणाऱ्याला वाटतं माहिती कमी पडली. माहिती बहुतेक वेळा भरपूर असते. दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारलेला नसतो, तिथे निबंध कोसळतो.

कायमधारा आणि रयतवारी ही जोडी शेवटपर्यंत धरून ठेवतो, कारण आधुनिक भारताच्या अभ्यासक्रमात ती हमखास असते आणि बहुतेकांच्या हातून ती एकाच पद्धतीने बिघडते.

आधी जोडी तपासा

प्रश्नात ‘कायमधारा व रयतवारी पद्धतींची तुलना करा’ एवढंच असतं. यातली एक बाजू ठरलेली आहे: बंगाल, १७९३, लॉर्ड कॉर्नवॉलिस. दुसरी बाजू मात्र एक नाही, निदान दोन आहेत. मद्रास इलाख्यातली रयतवारी अलेक्झांडर रीड आणि थॉमस मन्रो यांनी १७९२ नंतर बारामहालात सुरू केली. मन्रो १८२० मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाल्यावर ती तिथे पक्की झाली. मुंबई इलाख्यातली रयतवारी पेशवाई बुडाल्यानंतरची आहे. १८२० च्या दशकात प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली पाहणी फसली आणि १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. हे दोन अनुभव एकात मिसळले की एका वाक्यात मन्रो आणि पुढच्याच वाक्यात १८७५ चे सुप्याचे दंगे (शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेले) येतात, आणि वाचणाऱ्याला कळत नाही की आपण मद्रासकडच्या सेलमला आहोत की पुण्याकडच्या भीमथडीत.

म्हणून पहिलं काम: कुठली रयतवारी घेताय ते ठरवा आणि पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. ‘या निबंधात रयतवारी म्हणजे मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातली, १८३६ नंतरची’ एवढं एक वाक्य पुरतं. मराठी विद्यार्थ्याने दख्खनच घ्यावं असं माझं मत आहे. ते आपलं म्हणून नव्हे. सर्वे नंबर, आकार (शेतावर बसवलेला सारा), खातेदार, जमाबंदी हे शब्द आजही सातबाऱ्यावर आणि तलाठ्याच्या दप्तरात जिवंत आहेत, त्यामुळे ही पद्धत कशी चालत होती हे समजायला सोपं जातं.

दुसरं काम: दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत का ते पाहा. कायमधाऱ्याचा कायदा आणि १८७५ चे दंगे ही जोडी होत नाही. एक धोरण आहे, दुसरी घटना. धोरणासमोर धोरण ठेवा, परिणामासमोर परिणाम. काळाचं अंतरही मान्य करा. १७९३ आणि १८३६ यांत चाळीसेक वर्षांची दरी आहे, आणि दख्खनच्या अधिकाऱ्यांसमोर बंगालचा अनुभव आधीच होता. ही दरी अडचण म्हणून लपवायची नसते. उलट, दुसरी पद्धत पहिलीकडे पाहून घडली, हा तुमच्या निबंधातला एक चांगला मुद्दा होऊ शकतो.

तक्ता कच्च्या पानावर

उभी रेघ मारायला माझी हरकत नाही, फक्त ती कच्च्या कागदावर राहू द्या. आणि रेघेआधी डाव्या कडेला प्रश्न लिहा. मुद्दा नव्हे, प्रश्न. ‘महसूल’ असं लिहिलं की दोन्ही रकान्यांत वाट्टेल ते भरता येतं. ‘रक्कम कोणी, कशाच्या आधारावर ठरवली?’ असं लिहिलं की दोन्हीकडे त्याच गोष्टीचं उत्तर द्यावं लागतं.

बाराशे शब्दांना चार प्रश्न पुरे. आठ घेतले तर प्रत्येकाला दीडशे शब्दही मिळत नाहीत आणि निबंध पुन्हा यादी होतो. या जोडीसाठी मी हे चार घेईन.

करार कोणाशी झाला? बंगालमध्ये जमीनदाराशी, दख्खनेत प्रत्येक शेताच्या खातेदाराशी.

रक्कम कशी ठरली आणि किती काळासाठी? कायमधाऱ्यात जमीनदाराने गोळा करायच्या खंडाचे अकरा भाग धरले, त्यातले दहा ईस्ट इंडिया कंपनीचे आणि एक त्याचा, आणि कंपनीची रक्कम कायमची गोठवली. दख्खनेत विंगेटने उलट टोकाकडून सुरुवात केली. तालुक्याने आजवर किती भरलं, भाव काय होते हे पाहून आधी तालुक्याची एकूण रक्कम ठरवली. मग जमिनीची मोजणी करून, मातीचा रंग नि खोली पाहून, प्रत (दर्जा) आण्यांत लावली आणि त्या प्रतीच्या प्रमाणात ती रक्कम एकेका सर्वे नंबरावर वाटली. मुदत तीस वर्षं.

थकलं तर काय? बंगालमध्ये ठरल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत रक्कम भरली नाही तर जमीनदारी लिलावात. दख्खनेत जमीन खालसा होण्याची भीती असे, पण प्रत्यक्षात शेतकरी ती वेळ येऊ न देता सावकाराकडून कर्ज काढून सारा भरे.

सरकार आणि कसणारा यांच्या मधे कोण शिरलं? बंगालमध्ये पत्तनीदार (जमीनदाराकडून पट्टा घेणारा), दरपत्तनीदार (त्याच्याकडून पोटपट्टा घेणारा) आणि गावातला जोतदार (सधन शेतकरी). दख्खनेत कागदोपत्री कोणीच नाही, आणि व्यवहारात सावकार.

रकाना रिकामा राहिला तर दोनच वाटा: वाचून भरा, नाहीतर तो प्रश्न काढून टाका. एक बाजू भरलेली आणि दुसरी अंदाजाने रंगवलेली, असा परिच्छेद अनुभवी परीक्षकाला लगेच ओळखू येतो. एका बाजूला सन आणि आकडे असतात, दुसरीकडे ‘मोठ्या प्रमाणात शोषण झाले’ एवढंच.

दावा: निबंधाचं सगळं वजन इथे

तक्ता भरल्यावर त्याकडे पाहत बसा आणि विचारा, की वरच्या तीन ओळी वेगळ्या असताना शेवटी घडलं ते इतकं सारखं का? किंवा उलट: वरवर सारखं असून परिणाम वेगळा का? या ‘का’चं उत्तर म्हणजे तुमचा दावा. तो एक-दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे, आणि त्याच्याशी कोणाला तरी असहमत होता आलं पाहिजे.

‘कायमधारा आणि रयतवारी यांत अनेक साम्ये आणि फरक होते’ हा दावा नव्हे. त्याला विरोध कोण करणार? ‘रयतवारी ही कायमधाऱ्यापेक्षा चांगली होती’ हाही कच्चाच, कारण चांगली कोणासाठी हे सांगितलेलं नाही. कंपनीसाठी, जमीनदारासाठी, कुळासाठी, की सावकारासाठी?

आता हे पाहा:

‘कायमधाऱ्यात मागणी कायमची ठरली आणि रयतवारीत तीस वर्षांपुरती, परंतु दोन्हीकडे ती रोख होती आणि त्या वर्षीच्या पिकाशी बांधलेली नव्हती, म्हणून वाईट वर्षाचा बोजा अखेर कसणाऱ्यावरच पडला. भेद होता तो हा बोजा त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत: बंगालमध्ये तो खंड वसूल करणाऱ्यांच्या साखळीतून आला, दख्खनेत सावकाराच्या कर्जखतातून.’

यात साम्य आहे, भेद आहे, आणि दोघांमधलं नातं आहे. पुढचे चारही परिच्छेद कशासाठी लिहायचे हेही यानेच ठरतं. प्रत्येक परिच्छेदाने ‘वाईट वर्षी काय व्हायचं’ या प्रश्नाला थोडं पुढे न्यायचं. न नेणारी माहिती, कितीही खरी असो, बाहेर. पिटचा १७८४ चा कायदा, हेस्टिंग्जने १७७२ मध्ये दिलेले पाच वर्षांचे मक्ते, कंपनीचा महसुली अधिकारी जॉन शोअर आणि कॉर्नवॉलिस यांचा वाद, हे सगळं पार्श्वभूमीच्या दीडशे शब्दांत बसत असेल तर ठेवा. शोअरचं म्हणणं मात्र मी ठेवीन: दहा वर्षं करून पाहू, लगेच कायम नको. दख्खनेतल्या तीस वर्षांच्या मुदतीशी ते थेट जोडता येतं.

एकामागून एक की मुद्देवार

मांडणीच्या दोन रीती सांगितल्या जातात. पहिल्या रीतीत एक विषय पुरा करून मग दुसरा. दुसऱ्या रीतीत एकेक मुद्दा घेऊन त्यात दोन्ही बाजू. इतिहासात मी जवळजवळ नेहमी दुसरीच सुचवतो. पहिली रीत तेव्हाच चालते, जेव्हा निबंध लहान आहे किंवा एक बाजू वाचकाला अजिबात ठाऊक नाही आणि ती सलग सांगितल्याशिवाय कळणार नाही. तेव्हासुद्धा दुसऱ्या भागातल्या प्रत्येक परिच्छेदात पहिल्या भागाचं नाव यायलाच हवं.

बाराशे शब्दांची वाटणी साधारण अशी: प्रास्ताविक आणि दावा १२०, पार्श्वभूमी १५०, चार मुद्दे प्रत्येकी १८० म्हणजे ७२०, अपवाद ११०, निष्कर्ष १००. पार्श्वभूमी हमखास फुगते. बंगालची दिवाणी (महसूल वसुलीचा हक्क) १७६५, दुष्काळ १७६९-७०, मग मक्तेदारी असं करत करत चारशे शब्द उडतात आणि चौथ्या मुद्द्याला ऐंशी उरतात. पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी लिहा, म्हणजे उरलेल्या जागेतच बसवावी लागते.

चारही मुद्द्यांना सारखे शब्द द्यायचे असाही नियम नाही. ‘करार कोणाशी’ हे शंभर शब्दांत संपतं. ‘रक्कम कशी ठरली’ याला अडीचशे लागले तरी हरकत नाही, कारण खरी गंमत तिथे आहे.

एक परिच्छेद जवळून

दुसऱ्या मुद्द्याचा परिच्छेद असा होऊ शकतो:

‘मागणी ठरवण्याच्या रीती भिन्न असल्या, तरी वाईट वर्षाचा विचार दोन्हीकडे एकाच प्रकारे टाळला गेला. कायमधाऱ्यात जमीनदाराच्या अपेक्षित वसुलीच्या अकरापैकी दहा भाग कंपनीचे ठरले. म्हणजे ज्याची वसुली अकराशे रुपये धरली त्याने हजार भरायचे. पूर येऊन नऊशेच जमले तरी हजारच, आणि पुढे लागवड वाढून सोळाशे जमले तरी हजारच. दख्खनेत याउलट जमिनीची प्रत पाहून प्रत्येक शेताचा आकार ठरला, आणि तो मुद्दाम बेताचा ठेवला, जेणेकरून बऱ्या वर्षाच्या शिलकीतून वाईट वर्ष निभावेल. हिशेब कागदावर बरोबर होता. मात्र ज्या शेतकऱ्याकडे बऱ्या वर्षाची शिल्लक आधीच्या कर्जात जात असे, त्याच्यासाठी बेताचा आकारही वाईट वर्षी जास्तच ठरे. बंगालमध्ये मागणी पिकापासून तुटली ती कायमपणामुळे. दख्खनेत ती तुटली सरासरीमुळे.’

पहिलं वाक्य दोन्ही बाजूंविषयी आहे. ‘कायमधाऱ्यात मागणी अशी ठरली’ असं सुरू केलं असतं तर परिच्छेद एका बाजूचा झाला असता. मधला हजार-अकराशेचा हिशेब निव्वळ उदाहरण आहे, आणि तो असा ठेवला आहे की वाईट वर्ष आणि चांगलं वर्ष दोन्ही दिसतात. शेवटचं वाक्य भेद सांगून थांबत नाही, त्याचं कारण सांगतं. ‘यावरून दोन्ही पद्धतींतील फरक दिसून येतो’ हे वाक्य जिथे लिहावंसं वाटेल तिथे कारण लिहा.

‘याउलट’, ‘मात्र’, ‘तर’, ‘त्या मानाने’, ‘दोन्हीकडे’ हे शब्द गरजेपुरते. प्रत्येक परिच्छेदाच्या बरोबर मध्यावर ‘तर दुसरीकडे’ येऊ लागलं की समजा उभी रेघ परत आली. बऱ्याचदा एकाच वाक्यात दोन्ही बाजू बसतात: ‘बंगालमध्ये जमीन महसुलाच्या लिलावात हातची गेली, दख्खनेत दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यात.’ जोडशब्द एकही नाही, तरी तुलना पुरी.

अहवालांचीही तुलना करावी लागते

हा भाग बहुतेक निबंधांत नसतो. बंगालविषयी मुलं जे लिहितात त्यातलं बरंच फिरून फिरून ब्रिटिश पार्लमेंटपुढे १८१२ मध्ये मांडलेल्या पाचव्या अहवालातून आलेलं असतं. दख्खनविषयीचं बरंचसं दख्खन दंगे आयोगाच्या अहवालातून, जो १८७८ मध्ये पार्लमेंटपुढे गेला. दोन्ही सरकारी आणि दोन्ही हेतू ठेवून लिहिलेले. पाचवा अहवाल कंपनीच्या कारभाराची झाडाझडती घेण्यासाठी होता, सनदेचं नूतनीकरण तोंडावर होतं. त्यामुळे जुन्या जमीनदारांचा ऱ्हास त्यात वाढवून दिसतो. लिलावात गेलेल्या कित्येक जमीनदाऱ्या जमीनदारांच्याच माणसांनी बेनामी विकत घेतल्या होत्या; बर्दवानचं उदाहरण प्रसिद्ध आहे. दंगे आयोगाला सरकारने विशेष करून हे पाहायला सांगितलं होतं की साऱ्याची मागणी दंग्यांना कारण झाली का. आयोगाने दोष सावकारांवर टाकला, मागणीवर नाही.

आता तुमचा निबंध ‘बंगालमध्ये सरकारी मागणीने जमीनदार बुडाले आणि दख्खनेत सावकारांनी शेतकरी बुडवले’ असं म्हणत असेल, तर तो पद्धतींमधला भेद सांगतोय की अहवालांमधला? दख्खनेत तीस वर्षांची पहिली मुदत संपल्यावर, १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून, कित्येक तालुक्यांत आकार पन्नास टक्क्यांहून जास्त वाढवला गेला. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ कापसाचे भाव चढले होते, ते तोवर उतरले होते. सावकारांनी हात आखडला, सारा मात्र वाढलेला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खत तीन वर्षांपुरतंच कोर्टात चालणार असं ठरलं. कर्जदाराच्या भल्यासाठी केलेल्या या तरतुदीमुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घ्यायची रीत पडली. १२ मे १८७५ ला सुप्याला बाजारात जमाव जमला तेव्हा मागणी होती ती वह्या आणि खतांची. ती जाळली गेली. सारा, भाव आणि खत ही तिन्ही सूत्रं एकत्र ठेवली की आयोगाचा निष्कर्ष अर्धवट का वाटतो ते वाचकाला तुम्ही न सांगताही दिसतं. यासाठी ऐंशी-नव्वद शब्द खर्च करा. निबंधात गुण चढवणारी जागा ही.

अपवादाचा परिच्छेद

प्रत्येक तुलनेत काहीतरी चौकटीत बसत नाही. ते झाकलं तर निबंध शाळकरी दिसतो. या विषयात अपवाद घराजवळच आहेत. मुंबई इलाख्यात सगळीकडे रयतवारी नव्हती: रत्नागिरी आणि कुलाब्यात खोत सारा गोळा करून सरकारला भरत असे, आणि खोत-कुळांचा झगडा १९३० च्या दशकात कुलाब्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांच्या संपापर्यंत गेला. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात आणलं. नागपूर भागात मालगुजारी होती (तिथे मालगुजार मध्यस्थ असे), तर शेजारच्या वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीची रयतवारी. मद्रास इलाख्यातही ‘उत्तर सरकार’ नावाच्या किनारी जिल्ह्यांत १८०२ पासून कायमधारा होता.

यातला एकच अपवाद निवडा आणि दाव्याशी जोडा. खोती चांगली बसते: रयतवारीच्या इलाख्यात मध्यस्थ टिकून राहिला तिथे कुळाची अवस्था बंगालच्या रयतेसारखी झाली, म्हणजे फरक इलाख्याचा नव्हता, बोजा पोहोचण्याच्या वाटेचा होता. अपवाद दाव्याला असा बळकट करतो. सगळे अपवाद एका दमात सांगितले तर ते नुसतं सामान्यज्ञान होतं.

नेहमी चुकणाऱ्या गोष्टी

दहा-अकरांशांचा घोळ सगळ्यात जास्त. कंपनीने उत्पन्नाचा दहा-अकरांश घेतला असं सर्रास लिहिलं जातं. तसं असतं तर कसणाऱ्याच्या ताटात काही उरलंच नसतं. हा हिस्सा जमीनदाराने जमवलेल्या खंडातला होता, पिकातला नव्हे.

‘बंगाल, बिहार, ओरिसा’ हे त्रिकूट लिहिताना १७९३ चा नकाशा आठवा. कटकचा किनारी ओरिसा तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता, इंग्रजांकडे तो १८०३ मध्ये गेला.

‘कायम’ झालं ते काय, हेही नीट लिहा. जमीनदाराने सरकारला द्यायची रक्कम कायम झाली. कुळाने जमीनदाराला द्यायचा खंड नाही. उलट १७९९ च्या सातव्या रेग्युलेशनने थकबाकीसाठी कुळाचं पीक-सामान जप्त करायची मोकळीक जमीनदाराला मिळाली. कुळाला त्यातल्या त्यात भरीव संरक्षण १८५९ आणि १८८५ च्या कायद्यांनी आलं. रयतवारीच्या बाजूलाही तीच सावधगिरी. ‘शेतकरी मालक झाला’ असं लिहून पुढे जाऊ नका. सारा भरेपर्यंत जमीन त्याची, ती विकता आणि गहाण टाकता येणारी. या गहाण टाकता येण्यातूनच सावकाराला वाट मिळाली.

आणि प्रिंगल. त्याला एका ओळीत ‘अपयशी’ म्हणून उडवतात. त्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के असा हिशेब बांधला होता. निव्वळ उत्पन्न शेतोशेत काढणं जमलं नाही, मोजणी सदोष निघाली, आणि रयत गावं सोडून जाऊ लागली. विंगेटने निव्वळ उत्पन्नाचा नादच सोडला, तो या धड्यामुळे. मद्रास आणि मुंबई अशी तुलना विचारली तर प्रिंगल मध्यावर येतो. बंगाल आणि दख्खन अशी असेल तर एक वाक्य पुरे.

लिहून झाल्यावरची तपासणी, आणि अडीचशे शब्दांची गोष्ट

पेन्सिल घेऊन प्रत्येक परिच्छेदात कायमधाऱ्याच्या वाक्याखाली एक रेघ आणि रयतवारीच्या वाक्याखाली दोन रेघा मारा. ज्या परिच्छेदात एकाच प्रकारच्या रेघा दिसतील तो तुलना करत नाही. मग दुसरी चाचणी: परिच्छेदातली दोन्ही नावं मनातल्या मनात अदलाबदल करून वाचा. तरीही तो खरा वाटला (‘या पद्धतीत शेतकऱ्यांचे शोषण झाले, त्या पद्धतीतही हाल झाले’), तर त्यात माहितीच नाही.

निष्कर्षात नवा सन किंवा नवं नाव आणू नका, पण दावा जसाच्या तसा उतरवूही नका. चार मुद्दे वाचल्यावर दाव्याचा कुठला भाग जास्त पक्का झाला आणि कुठल्या भागाला अपवादाने मुरड घातली, एवढं सांगा.

स्पर्धा परीक्षेत हाच प्रश्न पंधरा गुणांना, अडीचशे शब्दांत येतो. तिथे चार मुद्द्यांचा हट्ट सोडा. दावा चाळीस शब्दांत, मग ‘रक्कम कशी ठरली’ आणि ‘मधे कोण शिरलं’ हे दोनच मुद्दे प्रत्येकी ऐंशी शब्दांत, खोतीचं एक वाक्य, आणि उरलेल्या तीसेक शब्दांत निष्कर्ष. पार्श्वभूमी पूर्ण कापा. १७९३ आणि १८३६ हे दोन सन दाव्याच्या वाक्यातच घाला. तक्त्यासाठी उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात दोन मिनिटं द्या, चार ओळी, आठ रकाने, आणि लिहायला बसण्याआधी त्यातल्या दोन ओळींवर काट मारा.